लाँगमनची मोफत ऑनलाइन डिक्शनरी: ‘फेअर’ या एका शब्दावर घासून पाहिलेली

इंग्रजी शब्दकोश पारखायचा असेल तर त्यात अवघड शब्द शोधू नका. अवघड शब्दाला बहुतेक वेळा एकच अर्थ असतो आणि तो कुठलाही कोश नीट सांगतो. कस लागतो तो ‘फेअर’ (fair) सारख्या रोजच्या शब्दावर. रास्त, गोरा, निरभ्र, बऱ्यापैकी मोठा, जेमतेम बरा, आणि वर पुन्हा जत्रा! ‘लाँगमन डिक्शनरी ऑफ कंटेम्पररी इंग्लिश’ छापील रूपात १९७८ साली आली. तिची वेबसाइट आता फुकट वापरता येते, आणि इंग्रजी शिकणाऱ्यासाठी पहिला कोश म्हणून ती डोळे झाकून सुचवावी अशी आहे.

‘फेअर’ टाइप केलं की विशेषण, नाम, क्रियाविशेषण अशा वेगवेगळ्या नोंदी आकडे लावून समोर येतात. ही वाटणी महत्त्वाची आहे. विशेषण जुन्या इंग्रजीतलं, मूळ अर्थ ‘सुंदर’. नाम मात्र लॅटिनमधल्या सणावाराच्या ‘फेरिया’वरून फ्रेंचमार्गे आलेलं. मुळात हे दोन वेगळे शब्द, स्पेलिंग तेवढं एक. म्हणूनच ‘फेअर ट्रेड’ म्हणजे उत्पादकाला रास्त मोबदला देणारा व्यापार, तर ‘ट्रेड फेअर’ म्हणजे व्यापारी प्रदर्शन.

शब्दाशेजारी एस आणि डब्ल्यू ही अक्षरं १ ते ३ आकड्यांसह दिसतात. एस म्हणजे बोलण्यात, डब्ल्यू म्हणजे लिहिण्यात. १ असेल तर तो शब्द सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पहिल्या हजारात, २ असेल तर दुसऱ्या हजारात. कुठला शब्द आधी पाठ करायचा, ते इथंच ठरतं.

लांब नोंदीत अर्थांच्या आधी ठळक अक्षरांत एक-दोन शब्दांच्या पाट्या असतात. आधी फक्त पाट्या वाचत खाली या. वाक्याशी जुळणारी सापडली की मगच व्याख्या वाचा. पहिलाच अर्थ उचलला की घोळ होतो. ‘अ फेअर डिस्टन्स’ म्हणजे न्याय्य अंतर नव्हे, बरंच अंतर. आणि एक्सलंट, गुड, फेअर, पुअर अशा श्रेणीत ‘फेअर’ मिळाला तर तो शाबासकीचा शेरा नाही. तो ‘गुड’च्या खालचा आहे. ‘फेअर गेम’चा तर खेळाच्या सचोटीशी संबंधच नाही. ज्याच्यावर टीका करायला हरकत नाही असं लोक मानतात, तो ‘फेअर गेम’.

अर्थ बरोबर पकडला का, हे विरुद्धार्थी शब्दावरून लगेच कळतं. वागणूक फेअर नसेल तर ‘अनफेअर’. पण केस फेअर नसतील तर ‘डार्क’, आणि हवा फेअर नसेल तर ‘फाउल’ किंवा ‘बॅड’.

आता समानार्थी शब्द. या कोशाची खरी कमाई इथं आहे. साध्या थिसॉरस (समानार्थी शब्दांच्या) साइट ‘फेअर’खाली जस्ट, रीझनेबल, इक्विटेबल, इम्पार्शल अशी रांग लावून मोकळ्या होतात, आणि त्यातला लांबलचक शब्द उचलला की वाक्य बिघडतं. इथं नोंदीसोबत समानार्थी शब्दांची चौकट असते. तिच्यात प्रत्येक शब्दापुढे छोटी व्याख्या, उदाहरण आणि गरजेप्रमाणे ‘फॉर्मल’ असा शिक्का असतो. किंमत ‘फेअर’ असेल तर ‘रीझनेबल’ चालतं, पण ‘फेअर ट्रायल’ला ‘रीझनेबल ट्रायल’ म्हटलं की खटल्याचा निःपक्षपातीपणाच निघून जातो. ‘इम्पार्शल’ म्हणजे निःपक्षपाती. तो शोभतो न्यायाधीशाला, निरीक्षकाला, सल्ल्याला; किमतीला नाही. ‘इक्विटेबल’ म्हणजे आपलं ‘समन्यायी’: साधनसंपत्तीच्या वाटपाला अगदी चपखल, पण खेळात डावललेलं मूल ‘इट्स नॉट फेअर!’ असंच ओरडणार. चौकटीतून निवडलेला शब्द पुन्हा स्वतंत्रपणे शोधून त्याची उदाहरणं बघावीत. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण बऱ्याच चुका त्यानं टळतात.

व्याकरणाच्या खुणा बारीक अक्षरात असल्या तरी सोडू नका. ‘बऱ्यापैकी मोठा’ या अर्थी ‘फेअर’ फक्त नामाच्या आधी येतो. ‘द डिस्टन्स इज फेअर’ असं म्हणून तो अर्थ निघत नाही. ‘प्ले फेअर’ हा रूढ प्रयोग आहे, तिथं ‘फेअरली’ घालून दुरुस्ती करायला जाऊ नये. ‘फेअरली’ची नोंद वेगळी उघडा, कारण त्याचेही दोन अर्थ आहेत: न्यायाने आणि बऱ्यापैकी. दुसऱ्या अर्थी तो ‘व्हेरी’पेक्षा सौम्य. ‘अ फेअरली गुड’ बरोबर, ‘फेअरली अ गुड’ चूक. तुलनेच्या रूपालाही तो लागत नाही, त्यामुळे ‘फेअरली बेटर’ऐवजी ‘अ बिट बेटर’ किंवा ‘रादर बेटर’.

उच्चार ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही ऐकता येतात, अनेक उदाहरणवाक्यांनाही आवाज आहे. भाड्याचा ‘फेअर’ (fare) कानाला हुबेहूब हाच लागतो, स्पेलिंग मात्र वेगळं, तेव्हा ऐकून शोधणाऱ्यांनी तेवढं सांभाळावं.

उणिवा आहेतच. व्याख्या सुमारे २००० सोप्या शब्दांत बसवलेल्या असतात. वाचायला हे फार सुखाचं, पण बारीक छटा त्यात निसटतात: ‘जस्ट’ उघडला तर व्याख्येत पुन्हा ‘फेअर’च भेटतो. पानाच्या खालच्या बाजूला प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीच्या संग्रहातून आपोआप उचललेली वाक्यं असतात. त्यांतली काही संदर्भाविना अर्धवट वाटतात, म्हणून नमुना म्हणून गिरवायची ती वरची, संपादकांनी निवडलेली वाक्यं. समानार्थी चौकटी नेहमीच्या शब्दांनाच मिळतात. चौकट नसेल तिथं मेरियम-वेबस्टरचा थिसॉरस उघडावा, तो समानार्थी शब्द अर्थवार गटांत देतो. शब्दाचा इतिहास इथं एखाद्या ओळीत आटोपतो. कोणत्या शतकात कोणता अर्थ रुजला ते पुराव्यानिशी हवं असेल तर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच गाठावी लागते, आणि ती पूर्ण वापरायला वर्गणी किंवा ग्रंथालयाचं सभासदत्व लागतं.