रात्रीची गस्त: सायकल बरी की मोटरसायकल?

बडोद्यात वीसेक एकरांचं कॉलेज सांभाळणाऱ्यांसमोर हा प्रश्न येतोच. आधी हिशोब. २० एकरांचं चौकोनी आवार धरलं तर कुंपणाची फेरी किलोमीटरच्या थोडी वर भरते. पायी पंधरा मिनिटं, सायकलवर सहा, मोटरसायकलवर दोन-तीन. कागदावर मोटरसायकल जिंकली.

पण गस्तीची खरी जागा हॉस्टेलच्या मागे, लॅबच्या बोळात, पार्किंगच्या शेडखाली. मोटरसायकलचा आवाज दोन इमारती आधी पोहोचतो. गाड्यांतलं पेट्रोल काढणारा तेवढ्यात भिंतीपलीकडे. सायकलवाला कुणाला ऐकू जात नाही, आणि त्याला मात्र सगळं ऐकू येतं: वाहता नळ, फुटलेली काच, जिन्याखाली कुणी रडतंय ते. माझ्या मते सगळा निकाल इथेच लागतो. शिवाय तो एक पाय टेकून थांबतो, ‘इतक्या उशिरा कुठे गं?’ विचारतो. मोटरसायकलवाला दिवा मारून पुढे. अमेरिकेत सिअॅटल पोलिसांनी १९८७ मध्ये सायकलगस्त सुरू केली, तीही बांधकामांनी तुंबलेल्या रस्त्यांवर गाड्या अडकत होत्या म्हणून.

एक खोट आहे. लायब्ररीतून परतणाऱ्या मुलीच्या मागून अंधारात आवाज न करता कुणी आलं तर ती दचकणारच. घंटी आणि पुढचा दिवा सक्तीचा करा.

मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीपार असताना पन्नाशीच्या माणसाला पेडल मारायला लावणं हा छळ आहे. दिवसा झाडाखाली, गेटवर बसू द्या. बॅटरीची सायकल हा मधला मार्ग: २५० वॅटपेक्षा कमी मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असली तर नोंदणी लागत नाही, लायसन्सही नाही. पावसाळ्यात विश्वामित्री नदी फुगून मगर रस्त्यावर आली, तर मात्र वाहन कुठलंही असो, लांब राहून वनखात्याला फोन.

आवार विखुरलेलं असेल तर माझं मत बदलतं. सयाजीराव विद्यापीठासारख्या फॅकल्ट्या, मध्ये शहराचे रस्ते, अशा ठिकाणी मोटरसायकलच हवी. आजारी मुलाला रात्री दवाखान्यात न्यायलाही एक गाडी गेटवर असू द्या.

हवा कोण भरणार, पंक्चर कोण काढून आणणार, हे मात्र खरेदीआधी ठरवा. आमच्या सोसायटीने हौसेनं दोन सायकली घेतल्या. दुसऱ्या महिन्यात एकीच्या दांडीवर वॉचमनचे कपडे वाळत होते, दुसरीच्या कॅरिअरला त्याचा डबा बांधलेला.