पेन्शनवाल्या भाऊंचं दुकान: 58 पूर्ण होण्याआधी एकदा जाऊन या

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, तहसीलमागच्या गल्लीत, झेरॉक्सवाल्यांच्या रांगेत शेवटी एक बिनपाटीचं दुकान आहे. ‘पेन्शनवाले भाऊ’ विचारलं की पानठेल्यावरचा पोरगाही हात दाखवतो. भाऊ एका सरकारी ऑफिसात आस्थापनेचे, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोंदी सांभाळणारे, बाबू होते. 58 ला रिटायर झाले आणि तेच काम आता स्वतःच्या टेबलावर करतात. माझी कृषी सहायकाची नोकरी 31 मे 2025 ला संपली. पेन्शन केस त्यांच्याकडूनच तयार करून घेतली.

नियमाने ही तयारी ऑफिसनंच दोन वर्षं आधी सुरू करायची असते आणि सहा महिने आधी कागद नागपूरला महालेखापालांकडे जायला हवेत. पण आमच्याकडे आस्थापनेची खुर्चीच रिकामी. पदभार ज्यांच्याकडे, ते दुसऱ्या तालुक्याला. आले तर आले. म्हणून भाऊ.

त्यांची पद्धत अशी. सेवापुस्तकाची, म्हणजे नोकरीभरच्या नोंदवहीची, झेरॉक्स घेऊन बसतात, पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचतात आणि खोट दिसली की चिठ्ठी लावतात. माझ्या पुस्तकाला चिठ्ठ्यांची झालर लागली होती. सातव्या आयोगाच्या वेतननिश्चितीवर वेतन पडताळणी पथकाचा शिक्का नव्हता. एका बदलीनंतरच्या अर्जित रजेचा हिशोब पुढे ओढलेलाच नव्हता, आणि रिटायर होताना 300 दिवसांपर्यंतच्या रजेचे पैसे मिळतात म्हटल्यावर ती नोंद लहान नव्हे. जीपीएफचं (भविष्य निर्वाह निधीचं) नामनिर्देशन अजून आईच्या नावावर, आणि आई जाऊन जमाना झाला. यातलं एकेक घेऊन मला कुठल्या टेबलावर जायचं, कोणत्या शब्दांत अर्ज करायचा, हे त्यांनी लिहून दिलं. नागपूरहून केस आक्षेप लावून परत आली नाही, यात सगळं आलं.

अंशराशीकरणाचं समजावून सांगणं मला सगळ्यात आवडलं. आमच्या यांना शेतात बोअर मारायचा होता, त्यामुळे घरातून आग्रह होता की पेन्शनचा 40 टक्के भाग विकून एकरकमी पैसा उचलायचाच. भाऊंनी पाकिटाच्या मागे आकडे मांडले, महिन्याला किती कमी येईल ते दाखवलं आणि म्हणाले, “ताई, पंधरा वर्सांनी पूर्ण पेन्शन पुन्हा चालू होते. तवा तुमी त्र्याहत्तरच्या. आता तुमीच ठरवा.” ना हो म्हणाले, ना नाही. आम्ही विकलं, ती गोष्ट वेगळी.

दुकानातल्या बाकावर मात्र एकच विषय चालतो: निवृत्तीचं वय 58 की 60. मी त्यात तेल ओतलं. माझा भाऊ पोस्टात, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. शाळेत घालताना हेडमास्तरांनी दोघांचीही जन्मतारीख 1 जून लिहिली, जशी आमच्या पिढीतल्या अर्ध्या गावाची लिहिली. एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. केंद्राचं वय 1998 पासून 60, राज्याचं 58. तेव्हा आम्ही दोघं बहीणभाऊ एकाच दिवशी रिटायर झालो आणि वहिनीनं दोन्ही हार एकाच दुकानातून आणले! आणि आमच्या ऑफिसचा शिपाई ‘ड’ गटातला, म्हणून तो 60 पर्यंत. बांधाबांधानं फिरणारी मी मात्र 58 ला थकले, असं सरकारचं म्हणणं.

घरात याचं दुसरं टोक बसलेलं आहे. मुलगा तलाठी भरतीचा अभ्यास करतो. 2023 ला चार हजार सहाशेच्या आसपास जागांना दहा लाखांवर अर्ज गेले होते. “आई, तुम्ही उठा, मग आम्ही बसू,” असं तो जेवताना म्हणतो. मला ते पटलंही असतं. पण मी उठले त्या खुर्चीवर अजून कोणी बसलं नाही. माझी गावं शेजारच्या सहायकाला अतिरिक्त म्हणून दिली आहेत. भाऊंच्या जागेचीही तीच गत, आणि तिथलं काम आता पैसे देऊन गल्लीत करून मिळतं. आधी रिकाम्या जागा भरा, मग वयाचं बोला, असं मी बाकावर म्हणाले, तर एक गुरुजी रागावले. त्यांना 60 हवेच आहेत.

30 जूनला रिटायर झालेल्या जुन्या लोकांचे अर्जही भाऊ लिहून देतात. वर्षभर काम केलं, वेतनवाढ 1 जुलैला, आणि माणूस आदल्या दिवशी बाहेर. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशांच्या बाजूनं निकाल दिला. हेडमास्तरांनी माझी तारीख 1 जुलै टाकली असती, तर मीही त्यात बसले असते. आता ते बदलता येत नाही. कोणी शेवटच्या वर्षी जन्मतारीख दुरुस्त करायला आलंच, तर भाऊ बसूही देत नाहीत. “नोकरी लागल्यापासून पाच वर्साच्या आत अर्ज करा लागते बाप्पा, आता काहून आला?”

खोटही सांगते. पावती देत नाहीत. कुलर आवाज जास्त आणि हवा कमी करतो. बोलायला लागले की त्यांच्या काळातले साहेब एकेक करून निघतात, तुम्ही घड्याळ बघत बसा. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या पोरांच्या एनपीएसचं (नव्या पेन्शन योजनेचं) त्यांना फारसं जमत नाही, केंद्राच्या केसेस घेतच नाहीत. माझ्या भावाला दारातूनच परत पाठवलं. “नागपूरला कोणी ओळखीचं आहे का” असं विचारणाऱ्यावर चिडतात, ते मला बरं वाटलं.

पूर्ण केसचे दीड हजार, झेरॉक्स वेगळी. पाचपैकी चार तारे. मे-जूनमध्ये आणि नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या गर्दीत जाऊ नका, त्याआधी जा. आणि नवराबायकोचा जोडीचा फोटो नीट काढून न्या. हे वेचणीवरून थेट आले होते, डोक्यावरचा कापूसही झटकला नव्हता. स्टुडिओवाल्यानं तसाच काढला, आणि तोच केसला लागला.