७० मिमीचा पंखा आणि लाल-पांढरं हॉक: ८ महिन्यांच्या वापरानंतर

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घेतलेलं हे रिमोटवरचं मॉडेल विमान मी मे संपेपर्यंत उडवलं. वहीत ११४ उड्डाणं लिहिलेली आहेत आणि प्रत्येकापुढे तापमान, वेळ आणि चार्ज करताना बॅटरीत परत गेलेले एमएएच (बॅटरीतल्या विजेचं माप). विमान म्हणजे हवाई दलाच्या हॉक या प्रशिक्षण जेटची फोमची छोटी प्रतिकृती. पंखांची लांबी एक मीटरच्या आसपास, हवाई कसरती करणाऱ्या सूर्यकिरण पथकाचा लाल-पांढरा रंग, ७० मिमीचा बारा पात्यांचा डक्टेड फॅन, म्हणजे नळीत बसवलेला विजेवरचा पंखा (ईडीएफ), ६ सेलची ४००० एमएएच लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी. बॅटरीसकट वजन १ किलो ९०० ग्रॅम. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या आकाराची फोम जेट आतून बरीचशी सारखीच असतात आणि मला बोलायचंय ते पंख्याबद्दल.

याआधी सहा वर्षं मी प्रोपेलरचीच विमानं उडवली. त्यामुळे वाटलं होतं, फक्त थोडं वेगवान विमान येतंय. पहिल्या पंधरा उड्डाणांत कळलं की हात नव्याने तयार करावा लागणार आहे, आणि त्यासाठी आधी नळीत काय चाललंय ते समजून घ्यावं लागणार आहे.

जेट म्हणत असलो तरी यात काही जळत नाही. हवाई दलाच्या खऱ्या हॉक मार्क १३२ मध्ये अडूर टर्बोफॅन आहे, तिथे हवा दाबून त्यात इंधन जाळतात. आपल्या हॉकमध्ये विजेवरची मोटर, तिच्या दांड्यावर रोटर, मागे न फिरणाऱ्या पात्यांचा स्टेटर आणि भोवती नळी, एवढंच. रोटरमधून हवा पीळ घेऊन बाहेर पडते. स्टेटर तो पीळ काढून तिला सरळ मागे लावतो, म्हणून त्याची पाती वाकडी दिसतात. ती चुकून तशी झालेली नाहीत. रोटरचं टोक आणि नळीची भिंत यांत अर्ध्या मिलिमीटरहून कमी फट असते. उघड्या प्रोपेलरच्या टोकाशी जी हवा मागून पुढे निसटते, ती इथे निसटत नाही.

मग डक्टेड फॅन जास्त कार्यक्षम असायला हवा ना? इथेच बहुतेकांची गल्लत होते, माझीही झाली होती. ७० मिमीच्या पंख्यातून मधला बोंड, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात तो गोळा, वजा केला तर हवेला जायला जेमतेम ३० चौरस सेंटीमीटर जागा उरते. एवढ्याशा जागेतून दोन किलोच्या जवळपास थ्रस्ट, म्हणजे विमानाला पुढे ढकलणारा जोर, काढायचा तर हवा मागे ताशी २७० किलोमीटरच्या आसपास वेगाने फेकावी लागते. तेवढाच थ्रस्ट १४ इंची प्रोपेलर देतो तेव्हा त्याची हवा ताशी ७० किलोमीटरच्या घरात असते, पण हवेचा गठ्ठा प्रचंड मोठा असतो. प्रोपेलर खूप हवा सावकाश ढकलतो, पंखा थोडी हवा फार जोरात फेकतो. आणि हवेला वेग देण्याची किंमत वेगाच्या वर्गाने मोजावी लागते. हिशेब केला तर जागेवर थांबलेल्या विमानाला तेवढ्याच थ्रस्टसाठी पंख्याला चौपट ताकद लागते. फट कितीही बारीक करा, हा फरक भरून निघत नाही.

माझ्या वॉटमीटरवर पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे मोटरला पूर्ण जोर दिल्यावर, ७१ अँपिअर, २२ व्होल्ट दिसले. म्हणजे सुमारे १५६० वॅट, घरातल्या ७५० वॅटच्या दोन मिक्सरांएवढे, दोन किलोच्या फोमच्या पोटात. रोटर मिनिटाला चाळीस हजारांच्या वर फेरे घेतो. ४३ हजार धरले तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे जातो. हा आकडा मी मुद्दाम लिहितोय. विमान हातात धरून थ्रॉटल तपासताना पंख्याच्या फिरण्याच्या रेषेत, म्हणजे विमानाच्या बाजूला, कधीच उभं राहू नका. पातं तुटलं तर त्याच रेषेत सुटतं. आणि इनटेकसमोर, म्हणजे हवा आत ओढणाऱ्या तोंडासमोर, खांद्यावरचा टॉवेल, ओढणी, सैल बाही नको. ज्यांच्या माळावर मी उडवतो त्या मामांना दर वेळी सांगतो, "मामा, मागच्या बांधावर या, तिथून दिसतं."

उड्डाणाची वेळ. पहिल्या महिन्यात थ्रॉटल खाली घ्यायलाच सुचत नव्हतं, तेव्हा पावणेतीन मिनिटांत ३१०० एमएएच संपायचे. आता टायमर ४ मिनिटांवर आहे आणि उतरल्यावर २९०० च्या आसपास परत भरावे लागतात. विमान तेच, बॅटरी तीच. कारण पंख्याची ताकद फेऱ्यांच्या घनाने बदलते. फेरे ७० टक्क्यांवर आणले तर थ्रस्ट निम्मा राहतो, पण वीज एक तृतीयांशच लागते. जेटचं अंग गुळगुळीत असतं, वेग एकदा आला की तो टिकतो. पूर्ण थ्रॉटल फक्त टेकऑफला आणि वर चढताना. बाकी वेळ साठ टक्क्यांवर हॉक सुरेख वळतं. तीन बॅटऱ्या घेऊन गेलो की रविवारची एकूण बारा मिनिटं हवेत. ज्यांना तासभर उडवत बसायचंय त्यांनी मोटर ग्लायडर घ्यावं, हे मनापासून सांगतो.

आता लँडिंग, कारण माझं सगळं नुकसान तिथेच झालं. प्रोपेलरच्या विमानात थ्रॉटल दिला की वारा थेट पंखांवर आणि शेपटीवर येतो. वेग नसला तरी एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची पट्टी) ऐकतो, विमान लगेच सावरतं. ईडीएफमध्ये सगळा झोत शेपटीच्या टोकातून बाहेर जातो, एलेव्हेटरच्या वाट्याला त्यातलं काहीच येत नाही. त्यात रोटरला खालच्या फेऱ्यांवरून वर यायला सेकंदाहून जास्त वेळ लागतो. नोव्हेंबरात अकराव्या उड्डाणाला मी सवयीप्रमाणे थ्रॉटल पूर्ण बंद करून उतरायला आलो, विमान खाली बसतंय असं दिसल्यावर थ्रॉटल दिला आणि आवाज चढायच्या आत विमान डाव्या पंखावर कोसळलं. पुढचं चाक फोमसकट उपटून निघालं. दुरुस्ती दोन संध्याकाळींत झाली, पण धडा पक्का बसला. तेव्हापासून शेवटच्या वळणापासून चाकं टेकेपर्यंत थ्रॉटल तिसऱ्या हिश्शाच्या खाली जाऊ देत नाही. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या, पूर्ण खाली, नाक किंचित वर, आणि उतरायचं की परत वर जायचं हे धावपट्टीच्या बरंच आधी ठरवायचं. त्याच कारणाने टेकऑफलाही पहिले काही मीटर एलेव्हेटर मेल्यासारखा असतो. घाईने ओढू नका, वेग आला की तो आपसूक जिवंत होतो.

जमिनीबद्दल कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी पुण्यात राहतो, उडवायला फलटणजवळ मामांच्या माळावर जातो. ड्रोन कुठे उडवता येतात ते दाखवणाऱ्या सरकारी डिजिटल स्काय नकाशावर ती जागा हिरव्या झोनमध्ये आहे, म्हणजे १२० मीटर उंचीपर्यंत उडवता येतं. २०२१ च्या ड्रोन नियमांत आपली विमानंही येतात आणि २५० ग्रॅमच्या वर ते २ किलोपर्यंत मायक्रो गटात बसतात, हे वजन निवडताना ध्यानात ठेवा. शहराच्या कडेला रिकामं मैदान दिसलं म्हणून उडवू नका. तर, माळावर मुरूम. हॉकचे इनटेक दोन्ही बाजूंना पंखांच्या वर आहेत, पण खऱ्या आकाराचे ठेवले तर ते पंख्याला पुरत नाहीत, म्हणून पोटाखाली आणखी एक भोक दिलेलं असतं. पुढचं चाक नेमकं त्या भोकासमोर. चाकाने उडवलेला खडा सरळ आत. सहाव्या उड्डाणाला टेकऑफच्या धावेतच कडाड आवाज झाला. रोटरच्या तीन पात्यांचे टवके गेले होते.

आधी भोकाला जाळी लावली. खडे थांबले, पण वजनकाट्यावर मोजलेला थ्रस्ट दीडशे ग्रॅमने घटला. जाळी काढून भोक टेपने बंद केलं तर आणखी घटला, आवाजही घुसमटल्यासारखा. शेवटी उपाय जमिनीवर सापडला. गावात कार्यक्रम झाले की मोठे फ्लेक्स उतरवून गुंडाळून ठेवतात. २० फुटी सहा फ्लेक्स मागून आणले, उलटे अंथरले, कडा एकमेकांवर चढवून मोठ्या खिळ्यांनी जमिनीत ठोकल्या. १२० फुटांपेक्षा थोडी कमी गुळगुळीत पांढरी धावपट्टी तयार झाली. हॉकला त्यातली तीन चतुर्थांश पुरते. जोड वाऱ्याच्या दिशेने चढवावे लागतात, नाहीतर कड उचलली जाते. फ्लेक्स आल्यापासून खड्याने एकही रोटर खराब झालेला नाही. मामा पहिल्यांदा बघायला आले तेव्हा विमानाभोवती फिरून म्हणाले, "आरं, ह्याला पुढं पंखा न्हाई, मग ओढतंय कोण?" त्यांना शेपटीमागे हात धरायला लावला. हवा गार लागते, हे त्यांना सगळ्यात नवल वाटलं.

थ्रस्ट मी सामान तोलायच्या हुकाच्या काट्याने मोजतो, विमान दोरीने बांधून. जानेवारीत सकाळी १२ अंशांना २ किलो ५० ग्रॅम, एप्रिलच्या दुपारी ४० अंशांना १ किलो ८८० ग्रॅम. पंखा तोच, हवा विरळ. माळ समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्याने कंपनीचा आकडा तसाही इथे पूर्ण मिळणार नाही. एप्रिल-मे मध्ये मी सकाळी साडेआठच्या आत गाशा गुंडाळतो. ईएससीलाही (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटलाही) तेच मानवतं, ते नळीतल्या हवेवरच थंड होतं. उलट थंडीत लिपो गार राहिली तर पहिल्या मिनिटाला व्होल्टेज खाली बसतं, म्हणून ती गाडीत, बोनेटच्या बाजूच्या ऊबेत ठेवायची.

आवाज हा या विमानाचा जीव आहे. जुन्या पाच पात्यांच्या पंख्यांची शिट्टी कानात जायची. बारा पाती असली की पात्यांचा सूर साडेआठ हजार हर्ट्झच्या आसपास चढतो, कानाला तो शिट्टी न वाटता हवा फाटल्यासारखा वाटतो. लांबून येणारं हॉक डोक्यावरून जाताना तो आवाज मागे ओढला जातो, आणि त्या दोन सेकंदांसाठी मी बाकी सगळं सोसायला तयार आहे. पण हा सूर रोटरच्या तोलावर अवलंबून आहे. नवीन रोटर बसवल्यावर घरघर आली तर बोंडाच्या आतल्या बाजूला पारदर्शक टेपचा बोटाच्या नखाएवढा तुकडा चिकटवायचा, थोडा वेळ चालवून ऐकायचं, मग तो पाव फेरीने सरकवायचा. ज्या जागी आवाज सर्वांत स्वच्छ, तिथे तो पक्का. मला पहिल्यांदा दीड तास लागला, आता वीस मिनिटांत होतं. घरघर अंगावर काढू नका, बेअरिंग जातात आणि स्टेटरचे स्क्रू ढिले होतात.

तक्रारी दोन. चाकं आत घेणारे रिट्रॅक्ट धुळीने अडकतात, दर दहा उड्डाणांनी ब्रशने साफ करावे लागतात. आणि सोबत आलेल्या कागदावर सीजीची, म्हणजे विमानाच्या गुरुत्वमध्याची, खूण माझ्या बॅटरीसाठी मागे होती. पाच मिलिमीटर पुढे आणल्यावर लँडिंग सोपं झालं. फोम रंगासकट टिकाऊ निघाला, लाल-पांढऱ्यामुळे लांबवर पोट कुठलं नि पाठ कुठली हे कळतं. राखाडी रंगाचं घेणार असाल तर खालून एक जाड काळा पट्टा मारा.

आयलेरॉनचं (पंखांवर कलण्यासाठी पट्ट्या असलेलं) लो-विंग, म्हणजे खाली पंख जोडलेलं विमान न घाबरता उतरवता येत असेल तर ७० मिमी घ्या. त्याआधी ६४ मिमी स्वस्त पडेल हा विचार मीही केला होता. पण चाकं आणखी बारकी, माळावर ते चालणार नाही.

पाऊस जवळ आलाय. तिन्ही बॅटऱ्या सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून पत्र्याच्या डब्यात ठेवल्या, पंखा कोरड्या कापडाने पुसला, रोटर काढून पात्यांच्या मुळाशी केसासारखी चीर आहे का ते भिंगाखाली पाहिलं. एका पात्यावर दिसली, रोटर बदलला. फ्लेक्स मामांनी कांद्याच्या चाळीवर टाकायला नेलेत. ऑक्टोबरात परत करतो म्हणालेत.