लोअर केलेली पोलो, मागच्या सीटवर आई

माझी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१५ची, पेट्रोल, चाकणमध्येच बनलेली. कोथरूड ते हिंजवडी रोज, रविवारी आईला घेऊन मंडई. शोची गाडी नव्हेच. तरी टायर आणि फेंडरमधली ती चार बोटं पोकळी डोळ्यांत खुपायची, म्हणून लोअर केली, म्हणजे आखूड स्प्रिंगा घालून खाली घेतली. आता आयबाखच्या प्रो-किट स्प्रिंगा आणि बिलस्टीन बी८ शॉकअप या जोडीवर अकरा महिने झालेत. त्याआधी एकदा हात पोळलेत, ते पहिल्यांदा सांगतो.

पहिल्या खेपेला नुसत्या स्प्रिंगा बदलल्या. ब्रँडचं नाव घेत नाही. ६० मिलीमीटर खाली, भाव परवडणारा, शॉकअप गाडीबरोबर आलेलेच. फोटो झकास आले. पण लोअरिंग स्प्रिंग कडक असते, दाबली की तितक्याच जोरात उसळते, आणि ती उसळी आवरणं हे शॉकअपचं काम. माझ्या जुन्या शॉकअपच्या अंगात तेवढी ताकद नव्हती. त्यात गाडी एवढी खाली, म्हणजे शॉकअपचा दांडा उभ्या गाडीतच निम्मा आत आणि बंपस्टॉप, म्हणजे शॉकअप पूर्ण दबू नये म्हणून असलेलं रबर, टेकायच्या बेतात. प्रत्येक खड्ड्याला रबरावर धाडकन. पुलाच्या सांध्यांवरून गाडी बेडकासारखी जायची. आई मागे बसून एकदाच म्हणाली, "अरे, रिक्षानं आलो असतो की." आठव्या महिन्यात मागचा उजवा शॉकअप तेलानं ओला झालेला दिसला.

गॅरेजवाल्याचा तोडगा असा, की जुन्या स्प्रिंगा परत लावू, दीड-दीड कडी कापून देतो. नको रे बाबा! कड्या कमी झाल्या की स्प्रिंग आणखी कडक होते, कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि जॅकवर चाक लोंबकळलं की ती जागची हलू शकते.

मग सरळ शॉकअपपासून सुरुवात केली. बी८ हे लोअर केलेल्या गाड्यांसाठीच आखूड बनवलेले, गॅसचे. गाडी खाली बसली तरी दांड्याला वरखाली व्हायला जागा उरते. बी६ त्याच घरातले, पण मूळ लांबीचे, म्हणजे उंची तशीच ठेवायची असेल त्यांच्यासाठी. बी४ म्हणजे जुने गेले की त्यांच्या जागी लावायचे साधे. कोनीचे पिवळेही मनात होते, त्यांचा रिबाउंड, म्हणजे उसळी आवरायचा जोर, कमीजास्त करता येतो. पण रोज ऑफिसला जाणारा माणूस स्क्रू फिरवत बसणार कधी? दोन्ही मिळून लाखाला थोडे कमी गेले. बायकोला आकडा हप्त्याहप्त्यानं कळला.

स्प्रिंग मागवताना इंजिन बघा. डिझेलचं नाक जड, त्यामुळे डिझेलची स्प्रिंग पेट्रोलला बसते, पण पुढून गाडी हवी तेवढी उतरतच नाही. दुसरं म्हणजे गाडी किती खाली येईल याचा पाकिटावरचा आकडा युरोपातल्या गाडीचा असतो. आपल्याकडची पोलो मुळातच थोडी उंच. मी आधी आणि नंतर चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेप लावली: कागदावर ३० मिलीमीटर, प्रत्यक्षात पुढे ३८. म्हणून '३०नं काय होतंय' म्हणत ५०ची मागवू नका.

शॉकअप उतरलेच आहेत तर टॉप माउंट (शॉकअपची वरची बैठक), त्यातलं बेअरिंग, बंपस्टॉप नवेच घाला, मजुरी एकदाच पडते. आणि लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणारा दांडा) रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायला सांगा. हवेत आवळले की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. अलाइनमेंट त्याच दिवशी केलं आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा. (गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून घ्या, विमा कंपनीलाही विचारा. मी नंतर वाचलं.)

चालवायला कशी? वीसच्या वेगात, पावसाळ्यानंतरच्या बारीक खड्ड्यांत कडक आहे, खोटं कशाला बोलू. पण चाळीसच्या पुढे खड्डा एकदाच जाणवतो, मागून उसळी नाही. ताम्हिणीत चौघं आणि डिकीभर सामान घेऊन उतरलो, एकदाही रबरावर आपटली नाही. आईनं माणगावपर्यंत झोप काढली.

दुखणं एकच, आमच्या सोसायटीचा गतिरोधक. मानकाप्रमाणे तो १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर हवा. आमचा म्हणजे उरलेल्या डांबराचा ढीग. एकटा असलो की तिरकी काढतो, निघते. चौघं असलो की इंजिनाखालचं तेलाचं चेंबर घासतं, त्यामुळे मागच्या दोघांना गेटवरच उतरवतो. वॉचमन काका पूर्वी विचारायचे, आता गाडी दिसली की आईच्या पिशव्या घ्यायला पुढे येतात.