अपर्णा सेन बघायला सुरुवात कुठून करायची? अभिनेत्रीकडून की दिग्दर्शिकेकडून?

बंगाली अभिनेत्री आणि दिग्दर्शिका अपर्णा सेनचे सिनेमे बघायचेत, सुरुवात कुठून करू, असं कोणी विचारलं की दोन रस्ते समोर येतात. एक १९६१ पासूनचा, म्हणजे तिला पडद्यावर बघत बघत पुढे जायचं, आणि दुसरा १९८१ पासूनचा, म्हणजे तिने दिग्दर्शित केलेले सिनेमे आधी संपवायचे आणि मग मागे वळून अभिनेत्रीकडे जायचं. मी दोन्ही करून पाहिलंय. दोन्हीत आनंद आहे हे आधीच सांगतो, पण बंगाली न येणाऱ्या मराठी माणसाने कुठला निवडावा याबद्दल माझं एक मत झालंय आणि त्याचं कारण तसं छोटंसं आहे.

पहिला रस्ता दिसायला जास्त सुंदर आहे. सुरुवातच सत्यजित राय. 'तीन कन्या' या तीन गोष्टींच्या सिनेमातली 'समाप्ती', टागोरांची गोष्ट, समोर सौमित्र चॅटर्जी आणि ही शाळकरी वयाची मुलगी मृण्मयी झालीये, गावभर हुंदडणारी, खारुताई पाळणारी, लग्नाच्या रात्री नवऱ्याच्या खोलीतून निसटून नदीकाठच्या झोपाळ्यावर जाऊन बसणारी. पहिलाच सिनेमा आहे हे सांगूनही खरं वाटत नाही. शेवटी शेवटी तिच्या चेहऱ्यावर पोर जाऊन बाई येते ती कुठल्या क्षणी आली ते मला अजून पकडता आलेलं नाही, आणि मी तो भाग पुन्हा पुन्हा बघितलाय.

पण त्यानंतर हा रस्ता एकदम पसरतो. मृणाल सेनचा 'आकाश कुसुम', मर्चंट-आयव्हरी या निर्माता-दिग्दर्शक जोडीचे 'द गुरू' आणि 'बॉम्बे टॉकी', सौमित्रबरोबर 'बसंत विलाप'सारखी धमाल कॉमेडी, हिंदीत अमिताभ आणि शशी कपूरच्या गर्दीत 'इमान धरम', आणि मधे बंगाली मेनस्ट्रीममधलं भरपूर काम, ज्यातलं कुठे काय मिळेल याचा भरवसा नाही. रायांनी सुद्धा 'समाप्ती'नंतर तिला लगेच मोठं काही दिलं नाही, 'अरण्येर दिन रात्री' आणि 'जन अरण्य'मध्ये ती थोडा थोडा वेळच दिसते. त्यामुळे क्रमाने बघायला बसलात तर मधली काही वर्षं आपण नक्की कोणाला शोधतोय तेच कळेनासं होतं. एवढी गुणी नटी आणि तिला पुरेल असा रोल येतच नाहीये अशी हुरहूर लागते. मला वाटतं तिलाही ती लागली असणार, पण हा माझा अंदाज.

आता ते छोटं कारण. सबटायटल्स.

हसू नका, मी हे अगदी मनापासून सांगतोय. अपर्णा सेनचा अभिनय सगळा चेहऱ्याच्या वरच्या अर्ध्या भागात आहे, डोळे, भुवया, कपाळ. आणि आपले डोळे कुठे, तर पडद्याच्या तळाला, वाचत बसलेले. त्यात जुन्या प्रिंटवर पांढरी अक्षरं आणि त्यांच्या मागे पांढरं धोतर नाहीतर पांढरी साडी, म्हणजे वाचायला आणखी वेळ, तोवर तिचा चेहरा बदलून गेलेला. गाण्यांना बऱ्याचदा सबटायटल नसतातच. 'बसंत विलाप'मध्ये तर वाक्य बोलून व्हायच्या आत ओळ खाली येते, आपण आधी वाचून हसतो आणि नंतर ती बोलते, म्हणजे तिचं टायमिंग आपल्यापर्यंत पोचतच नाही.

सगळ्यात जास्त हे मला 'उनिशे एप्रिल'ला टोचलं. ऋतुपर्णो घोषचा १९९४ चा सिनेमा, अपर्णा सेन नावाजलेली नर्तकी आणि तिची डॉक्टर मुलगी देबश्री रॉय, दोघी एका घरात आणि वर्षानुवर्षं साचलेलं सगळं एका रात्रीत बाहेर येतं. मुलगी बोलते आणि आई ऐकते. तिचं ते ऐकणं हाच तर तो रोल आहे! पण मुलगी बोलत असताना मी मुलीचं वाक्य वाचतोय आणि आईकडे बघायचं राहून जातंय, थांबवायचं, मागे घ्यायचं, पुन्हा बघायचं, असं करत रात्र संपली. सिनेमा आवडला, फार आवडला, पण अर्धा वाचलेला आणि अर्धा बघितलेला. देबश्रीला त्यासाठी नॅशनल अवॉर्ड मिळालं आणि ते योग्यच आहे, फक्त समोरचीने काय केलंय ते मला दुसऱ्यांदा बघितल्यावर कळलं.

दुसऱ्या रस्त्यावर ही अडचण सुरुवातीला येतच नाही. '३६ चौरंगी लेन', १९८१, तिने दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा, निर्माता शशी कपूर, आणि भाषा बहुतेक इंग्लिश. जेनिफर केंडल व्हायोलेट स्टोनहॅम झालीये, कलकत्त्याच्या शाळेत शेक्सपिअर शिकवणारी अँग्लो-इंडियन बाई, एकटी, घरात एक मांजर. जुनी विद्यार्थिनी आणि तिचा मित्र तिच्याशी गोड बोलून दुपारी तिचा फ्लॅट वापरायला लागतात आणि ती बिचारी समजते की आपल्या आयुष्यात माणसं आली. आता इथे तळाकडे बघायची गरज नाही, आणि मग लक्षात येतं की ही दिग्दर्शिका माणसांना किती वेळ देते. व्हायोलेट जिना चढते तेव्हा कॅमेरा घाई करत नाही, आपण तिच्याबरोबर अख्खा जिना चढतो. अशोक मेहतांचा कॅमेरा आहे. अपर्णा सेन स्वतः यात कुठेही दिसत नाही, तरी मला तर सारखं वाटत राहिलं की जेनिफरचा चेहरा असा बघायला एका नटीचीच नजर लागते, जिला माहितीये की कॅमेरा कधी लवकर निघून जातो. पहिल्याच सिनेमाला दिग्दर्शनाचं नॅशनल अवॉर्ड.

काही जण म्हणतील की इंग्लिशमधूनच सुरू करायचं तर 'मिस्टर अँड मिसेस अय्यर' का नाही, तो जास्त सोपा आहे, आणि त्यात तथ्य आहे. २००२ चा सिनेमा, अपर्णाचीच मुलगी कोंकोणा सेन शर्मा आणि राहुल बोस, बसचा प्रवास, वाटेत दंगल, कडेवर बाळ असलेली तमिळ ब्राह्मण बाई शेजारच्या मुसलमान फोटोग्राफरला जमावासमोर नवरा म्हणून वाचवते. त्याआधी त्याच्या बाटलीतलं पाणी पिऊन झालंय आणि त्याचं नाव कळल्यावर तिला तेच आठवून कसंतरी होतं, हा एवढासा तपशील मला सगळ्या भाषणबाजीपेक्षा मोठा वाटतो. बसमधल्या म्हाताऱ्या जोडप्याचं काम भीष्म साहनी आणि सुरेखा सिक्री यांनी केलंय, त्यांच्याबद्दल जास्त काही सांगत नाही. घरात कोणाला बरोबर बसवून दाखवायचं असेल तर खुशाल 'अय्यर'पासून सुरू करा. एकट्याने बघणार असाल तर मात्र माझं मत '३६ चौरंगी लेन'.

दिग्दर्शिका म्हणून तिने किती वेगवेगळ्या जातीचे सिनेमे केलेत तेही याच रस्त्यावर नीट दिसतं. 'सती'मध्ये शबाना आझमी मुकी मुलगी आहे आणि तिचं लग्न झाडाशी लावतात. '१५ पार्क अव्हेन्यू'मध्ये स्किझोफ्रेनिया असलेली मुलगी नसलेला पत्ता शोधत फिरते. 'द जॅपनीज वाईफ' म्हणजे सुंदरबनातल्या मास्तरचं पत्रांवर चाललेलं लग्न. मग एकदम 'गोयनार बाक्शो', भुताची कॉमेडी, मौशुमी चॅटर्जी दागिन्यांच्या पेटीवर जीव अडकलेली म्हातारी विधवा भूत, इतकी मजा की विचारू नका, आणि त्या मजेखाली बालविधवेचं न जगलेलं आयुष्य. 'आर्शीनगर' म्हणजे रोमिओ ज्युलिएट, गाणी आणि यमकातले संवाद, तो मला फारसा झेपला नाही, पण यमकं सबटायटलमध्ये येणार तरी कशी, त्यामुळे माझ्या मताला इथे वजन देऊ नका. '१५ पार्क अव्हेन्यू'च्या शेवटाबद्दल दोन तट आहेत, मी आवडणाऱ्यांत आहे.

सगळंच काही एका उंचीवर नाही, हे कबूल. पण अभिनेत्रीच्या रस्त्यावर एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात तिला कोणीतरी नेत असतं, इथे ती स्वतः जाते, आणि हा फरक दोन-तीन सिनेमांतच कळायला लागतो. 'पिकू' घ्या, रायांचा १९८० चा छोटा सिनेमा, अर्धा तासही नाही. अपर्णा सेन आई आहे, प्रियकर घरी आलाय म्हणून लहान मुलाला बागेत फुलांची चित्रं काढायला पाठवते. गोष्ट मुलाच्या बाजूने चाललीये, आईकडे आपण बाहेरून बघतो. पाचच वर्षांनी तिने 'परमा' केला, राखी, भरल्या घरातली सून, फोटोग्राफरच्या प्रेमात पडलेली, आणि आता कॅमेरा बाईच्या बाजूला. घर कोसळतं, सगळे तिला अपराधी वाटून घ्यायला सांगतात आणि तिला अपराधी वाटत नाही. १९८५ साली हे पडद्यावर म्हणणं सोपं नव्हतं. 'पिकू' आधी बघितला तर नुसता चांगला वाटतो, 'परमा'नंतर बघितला की त्यातल्या आईच्या चेहऱ्यावर काय काय आहे ते दिसायला लागतं. दिग्दर्शिकेकडून मागे जाण्याचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच.

आणि दोन्ही रस्ते जिथे एकत्र येतात तो 'पारोमितार एक दिन', २००० सालचा. लिहिणारी तीच, दिग्दर्शन तिचं, आणि सनका नावाच्या सासूचं कामही तिचंच. ऋतुपर्णा सेनगुप्ता सून. सासू-सुनेची मैत्री, जी सुनेचा घटस्फोट होऊन दुसरं लग्न झालं तरी संपत नाही. सनकाची आजारी मुलगी झालेल्या सोहिनी सेनगुप्ताला नॅशनल अवॉर्ड मिळालं. आणि सनकाचा मनात राहून गेलेला माणूस कोण, तर सौमित्र चॅटर्जी! 'समाप्ती'तलं ते जोडपं एकोणचाळीस वर्षांनी, दोघं पिकलेले, चहा आणि इकडच्या तिकडच्या गप्पा. हा सिनेमा बंगालीत आहे, सबटायटल वाचावीच लागतात, पण तोपर्यंत तिच्या सिनेमांच्या संथपणाची सवय झालेली असते आणि एखादी ओळ वाचायची राहिली तरी चालतं, चेहरा बघायचा हे आपलं ठरलेलं असतं.

ज्यांना बंगाली कळतं त्यांनी माझं ऐकायची काहीच गरज नाही, त्यांनी सरळ १९६१ पासून निघावं, मला त्यांचा हेवा वाटतो. रायांचे सिनेमे आधीच बघून झालेत त्यांनाही पहिला रस्ता जड जाणार नाही, त्यांचे डोळे सरावलेले असतात. बाकीच्यांनी, माझ्या मते, आधी '३६ चौरंगी लेन', मग 'अय्यर', 'परमा', लगेच 'पिकू', मग 'समाप्ती' आणि 'पारोमितार एक दिन' पाठोपाठच्या दोन संध्याकाळी, शक्यतो मधे दुसरं काही न बघता. 'उनिशे एप्रिल' त्यानंतर. 'सोनाटा' वाटेल तेव्हा बघा, महेश एलकुंचवारांच्या नाटकावरचा आहे, एका संध्याकाळी एका घरात तीन मैत्रिणी, अपर्णा सेन, शबाना आणि लिलेट दुबे, आणि तोही इंग्लिशमध्ये. नाटक बघितलेलं असेल तर सिनेमा थोडा कमी वाटू शकतो, पण शबाना समोर असताना अपर्णा सेन ऐकते कशी ते बघायला तरी लावाच.