फूबार२००० वरून सगळं गाण्यांचं कलेक्शन कन्व्हर्ट केलं, काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आधी सरळ सांगून टाकतो, फूबार२००० हे कॉम्प्युटरवर गाणी वाजवायचं आणि एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, दिसायला जुनाट आहे आणि कामाला एक नंबर आहे. आता सविस्तर, कारण कन्व्हर्ट करणं म्हणजे नुसतं बटण दाबणं नाही, कशातून कशात करताय यावर सगळं अवलंबून आहे.

बाबांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या सीडीज आमच्याकडे आहेत, नाट्यसंगीत, अभंग, भावगीतं, शास्त्रीयच्या मैफिली, आणि गावाकडच्या कीर्तनांच्या कॅसेट्स ज्या मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. हे सगळं फ्लॅक नावाच्या फाइल फॉरमॅटमध्ये ठेवलंय. सीडीचा आवाज म्हणजे सेकंदाला १४११ किलोबिट, मिनिटाला साधारण १० एमबी, फ्लॅक तो एकही बिट न गमावता बराच लहान करतो, बऱ्याचदा निम्म्या-साठ टक्क्यांवर आणतो. यात एक गंमत लक्षात आली, जुन्या मोनो रेकॉर्डिंगच्या सीडीवर दोन्ही बाजूला तोच आवाज असेल तर फ्लॅक फाइल एकदम छोटी होते, आणि कॅसेटवरची खरखर मात्र दाबली जातच नाही, त्यामुळे साधं कीर्तनसुद्धा मोठ्या मैफिलीपेक्षा जास्त जागा खातं.

तर हे फ्लॅक घरच्या हार्ड डिस्कवर राहतं. मी ठाण्याला राहतो, ऑफिस घणसोलीला, ट्रान्स हार्बरने जातो येतो, फोनमध्ये एवढं सगळं मावत नाही आणि गाडीचा स्टिरिओ फ्लॅक वाचतच नाही. म्हणून दोन कॉपीज हव्या होत्या, फोनसाठी ओपस आणि गाडीसाठी एमपीथ्री.

फूबारसोबत एन्कोडर पॅक (म्हणजे वेगवेगळ्या फॉरमॅटच्या फाइल्स बनवणारे छोटे प्रोग्राम) वेगळा डाउनलोड करून टाकावा लागतो, तेवढं केलं की गाणी सिलेक्ट करा, राइट क्लिक, कन्व्हर्ट. सेटिंग एकदा नाव देऊन सेव्ह करता येतं, माझी 'फोन' आणि 'गाडी' अशी दोन आहेत. प्रोसेसरचे सगळे कोर वापरतो त्यामुळे चहा घेऊन येईपर्यंत चार-पाच सीडीज आरामात होतात. टॅग (फाइलमध्येच लिहिलेलं गाण्याचं, गायकाचं नाव वगैरे) आणि कव्हरचा फोटो सोबत जातो, आणि आधी झालेली फाइल असेल तर ती सोडून पुढे जा असं सांगता येतं, त्यामुळे नवीन सीडी आली की सगळं कलेक्शन परत सिलेक्ट केलं तरी फक्त नवीनच होतं. हे मला सगळ्यात आवडलं.

आता ओपस. २०१२ मध्ये स्टँडर्ड झालेला, फुकट आणि कुणीही वापरावा असा फॉरमॅट. मी सेकंदाला १२८ किलोबिटला ठेवलाय (पुढचे आकडेही तेच), म्हणजे एका तासाला ५८ एमबीच्या आसपास, तेच ३२० चं एमपीथ्री केलं तर १४४ एमबी. लोक म्हणतात कानाला फरक कळतो, तर फूबारमध्ये एबीएक्सचा कम्पोनंट टाकता येतो, त्यात दोन फाइल्स द्यायच्या, मग तो न सांगता त्यातली कुठलीतरी एक वाजवतो आणि आपण ओळखायचं. रात्री घरी शांततेत वायरवाले हेडफोन लावून बसलो. १२८ ला मला काहीही ओळखता आलं नाही, अगदी तानपुऱ्यातसुद्धा नाही. ९६ ला फक्त मैफिलीतल्या टाळ्यांमध्ये शंका आली. ६४ ला मात्र अभंगातल्या टाळांनी लगेच घात केला, टाळ वाजतो तेव्हा तो 'खण्ण' असा तुटक न येता त्याच्या शेपटीत एक पाण्यासारखी सळसळ येते, आणि एकदा ती ऐकली की मग दर ठेक्याला तीच ऐकू येते. टाळ, चिपळ्या, टाळ्या असे एकदम उठणारे आवाज कुठल्याही कॉम्प्रेशनला जड जातात, त्यामुळे आपल्याकडचं भजन-अभंगाचं कलेक्शन असेल तर त्यावरच टेस्ट करा, इंग्लिश गाण्यांवर केलेल्या टेस्टवर जाऊ नका.

उलट कीर्तन-प्रवचनाला ओपस म्हणजे वरदान आहे. ओपसच्या आत बोलण्यासाठी वेगळी पद्धत आहे जी मुळात स्काइपकडून आलेली आहे, त्यामुळे ३२ ला मोनो ठेवलं तरी दीड तासाचं प्रवचन २२ एमबीत बसतं आणि शब्द न शब्द स्वच्छ. आईच्या फोनमध्ये असं भरपूर भरून दिलंय, ती खूश आहे. तिचा फोन जुना आहे, तिथे डॉट ओपस फाइल दिसतच नव्हती, डॉट ओजीजी असं नाव बदललं आणि वाजायला लागली.

लोकलमध्ये ब्लूटूथ इअरफोन असतील तर १२८ च्या वर जाण्यात खरंच अर्थ नाही, कारण ब्लूटूथ फाइल उघडून आवाज स्वतःच्या पद्धतीने परत दाबूनच पाठवतो, आणि ऐरोली ते रबाळे गाडीचा खडखडाट असतोच.

गाडीची कॉपी जास्त डोकं खाते. ओपस वाचत नाही म्हणून लेम या एन्कोडरचं एमपीथ्री, व्ही झिरो, म्हणजे त्यातलं बदलत्या बिटरेटचं सगळ्यात वरच्या दर्जाचं सेटिंग. मराठी टॅग असतील तर स्क्रीनवर चौकोन येतात, फॉन्टच नाही त्यात, म्हणून गाडीच्या कॉपीत नावं इंग्रजी अक्षरांत ठेवली आणि टॅग आयडीथ्रीच्या (एमपीथ्रीत टॅग लिहायची पद्धत) २.३ व्हर्जनमध्ये, कारण माझा स्टिरिओ २.४ धड वाचत नाही. गाणी नंबरप्रमाणे न वाजता पेनड्राइव्हवर ज्या क्रमाने कॉपी झाली त्या क्रमाने वाजतात, त्यामुळे एकेक फोल्डर क्रमाने टाकावा लागतो. आणि ज्या सीडीवर आलाप, विलंबित, द्रुत वेगळ्या ट्रॅकमध्ये आहे तिथे मध्ये बारीक खंड पडतो, कारण एमपीथ्री ठरावीक लांबीच्या तुकड्यांत बनतं आणि सुरुवात-शेवटाला रिकामी जागा राहते, ती काढून टाकायची माहिती फाइलमध्ये असते पण स्टिरिओ ती बघत नाही. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये चालून जातं, पण समेवर यायच्या आधी खंड पडला की राग येतो. अशा मैफिली गाडीसाठी आता मी पूर्ण एकच फाइल करून ठेवतो.

सगळ्यात महत्त्वाचं. एमपीथ्रीमधून ओपस किंवा एएसी (असाच आवाज दाबणारा आणखी एक फॉरमॅट) करू नका, १२८ चं ३२० तर अजिबात नको. ताकातून परत लोणी निघत नाही, फाइल मोठी होते आणि आवाज अजून थोडा खराब होतो एवढंच. एका ठिकाणाहून ३२० म्हणून विकत घेतलेला अल्बम मी स्पेक नावाच्या, फाइलमध्ये किती उंच आवाज आहेत ते चित्रात दाखवणाऱ्या फुकट प्रोग्राममध्ये उघडून बघितला तर १६ किलोहर्ट्झच्या वर सगळं काळं, सरळ रेषेत कापलेलं, सगळ्या ट्रॅक्सना. म्हणजे १२८ चंच फुगवून ३२० केलेलं असणार. असं सापडलं तर ते आहे तसंच ठेवा, सीडी मिळाली तर ती घ्या. आणि एमपीथ्रीची फ्लॅक करून 'लॉसलेस' (काहीही न गमावलेलं) म्हणून मित्रांना देणारे लोक आहेत, कृपया हे करू नका, पुढच्या माणसाला कळत नाही आणि चुकीची फाइल वर्षानुवर्षं फिरत राहते.

कन्व्हर्ट झाल्यावर फ्लॅक उडवून जागा मोकळी करायचा विचार असेल तर तोही सोडा. उद्या ओपसपेक्षा चांगलं काही आलं तर परत फ्लॅकमधूनच करायचं. फ्लॅकच्या आत मूळ आवाजाचा चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा असतो, फूबारचा इंटिग्रिटी व्हेरिफायर टाकून अधूनमधून सगळं तपासता येतं, डिस्क खराब व्हायला लागली तर कुठली फाइल गेली ते लगेच कळतं. माझी दुसरी कॉपी नेरूळला ताईच्या घरी आहे, मोठं काही नवीन भरलं की ती डिस्क आणून अपडेट करतो.