डेलावेअर खाडी, कालवा आणि चेसापीक: मोफत सरकारी नकाशे व प्रवाहतक्ते वापरून मोटरबोटीच्या प्रवासाची आखणी (वापरानंतरचा अनुभव)

न्यू जर्सीच्या दक्षिण टोकावरील केप मेहून डेलावेअर खाडीत शिरायचे, खाडी चढून रीडी पॉइंटला चेसापीक-डेलावेअर कालव्यात वळायचे आणि पलीकडे चेसापीक खाडीच्या माथ्याशी बाहेर पडायचे, असा हा मार्ग आहे. त्याच्या आखणीसाठी मी गेले अनेक महिने अमेरिकेच्या राष्ट्रीय सागरी व वातावरणीय प्रशासनाची, म्हणजे नोआची, तीन मोफत साधने वापरतो आहे: स्वतःच्या सोयीने नकाशा तयार करून देणारे ‘नोआ कस्टम चार्ट’, भरती-ओहोटीच्या प्रवाहांचे तक्ते आणि ‘कोस्ट पायलट’ या किनारा, जलमार्ग व नियमांची माहिती देणाऱ्या पुस्तकाचा तिसरा खंड. सोबत टॅब्लेटवर एक विकतचे प्लॉटर अ‍ॅप, म्हणजे पडद्यावरील नकाशावर मार्ग आखून देणारे अ‍ॅप, असते. त्याच्याविषयी माझ्या काही तक्रारी आहेत, म्हणून त्याचे नाव घेत नाही.

आधी नकाशांविषयी. पारंपरिक कागदी नकाशे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय नोआने 2019 मध्ये जाहीर केला आणि 2025 च्या सुरुवातीपर्यंत तो पूर्णपणे अमलात आला. डेलावेअर खाडीचा 12304 क्रमांकाचा नकाशा वर्षानुवर्षे ज्यांच्या टेबलावर पसरलेला असे, त्यांना हा बदल जड गेला असणार. आता आपण मध्यबिंदू, प्रमाण आणि कागदाचा आकार निवडायचा आणि तयार होणारी पीडीएफ छापून घ्यायची. खाडीसाठी 1:80,000 आणि कालव्याच्या दोन्ही मुखांसाठी 1:20,000 ही प्रमाणे मला पुरेशी वाटली. प्रमाण वाढवले म्हणून मूळ मोजणीत नसलेली खोली नकाशात उगवत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. खोलीचे एकक फूट ठेवता येते आणि कोणत्या खोलीपर्यंतचे पाणी गडद निळे दिसावे हेही ठरवता येते. ही दुसरी सोय फार उपयोगाची आहे, कारण आपल्या बोटीला धोक्याचे असलेले पाणी एका नजरेत वेगळे दिसते. मूळ इलेक्ट्रॉनिक नकाशे दर आठवड्याला अद्ययावत होतात, पण छापलेला कागद छापला त्या दिवशीचाच राहतो. त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात नवी प्रत काढणे आवश्यकच आहे.

परंतु या तिन्ही साधनांत मला सर्वांत मोलाचे वाटले ते प्रवाहतक्ते. केप मे कालव्याच्या (केप मेजवळचा, खाडीत उघडणारा वेगळा छोटा कालवा) पश्चिम मुखापासून रीडी पॉइंटपर्यंतचे अंतर सुमारे 48 सागरी मैल धरले आणि बोट पाण्यातून 7 नॉट (म्हणजे ताशी 7 सागरी मैल) वेगाने चालते असे मानले, तर सरासरी दीड नॉटचा प्रवाह पाठीशी असताना हा टप्पा पावणेसहा तासांच्या आत संपतो. तोच प्रवाह समोरून असेल तर पावणेनऊ तास लागतात. माझ्यासारख्या संथ डिझेल बोटीसाठी हा तीन तासांचा फरक दिवसाच्या उजेडात कालवा गाठणे आणि अंधारात त्याचे मुख शोधणे यांतला फरक आहे. 18 नॉटने धावणाऱ्या बोटीला मात्र हाच फरक अर्ध्या तासापेक्षाही कमी पडतो. म्हणून वेगवान बोटींचे मालक प्रवाहाकडे दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते तिथेच फसतात, कारण डेलावेअर खाडीत प्रवाहाचा खरा परिणाम घड्याळापेक्षा लाटांवर अधिक होतो.

खाडी वायव्य-आग्नेय पसरलेली आहे. भरतीचा प्रवाह वायव्येकडे चढतो आणि ओहोटीचा आग्नेयेकडे उतरतो. वारा प्रवाहाच्या विरुद्ध वाहू लागला की तुलनेने उथळ पाण्यात आखूड, उभ्या लाटा एकामागोमाग उठतात. अशा वेळी वेगवान बोटीलाही वेग उतरवावा लागतो आणि इंधनाचा सगळा हिशेब बदलतो. गंमत अशी की वर जाताना संथ बोटीला भरती हवी असते, पण वारा वायव्येचा असेल तर नेमकी तीच भरती पाणी खवळवते. मग निवड उरते ती अशी: वारा पडेपर्यंत केप मेलाच थांबायचे, किंवा भांगाच्या भरतीचा, म्हणजे मंद प्रवाहाचा, दिवस निवडायचा. मी वापरलेले अ‍ॅप दोन बंदरांवर बोट ठेवताच सुबक रेषा आखून पोहोचण्याची वेळ सांगते, पण त्या वेळेत प्रवाह धरलेला नसतो; वाऱ्याचा पडदा वेगळा आणि प्रवाहाचा पडदा वेगळा. ज्या गोष्टी एकमेकींच्या अंगावर जाऊनच त्रास देतात, त्या वेगवेगळ्या पडद्यांवर पाहून काय उपयोग?

यावर मी काढलेला उपाय अगदी साधा आहे. छापलेल्या नकाशावर ब्रँडीवाइन शोल, माया मॉल शोल आणि शिप जॉन शोल या दीपस्तंभांपाशी पेन्सिलने तीन ओळी लिहितो: पोहोचण्याची अपेक्षित वेळ, त्या वेळचा प्रवाह दिशेसह, आणि हवामान खात्याने दिलेला वारा. प्रवाह आणि वाऱ्याचे बाण एकमेकांवर आदळताना दिसले, तर त्या ओळीभोवती वर्तुळ काढतो. सलग दोन वर्तुळे पडली की निघण्याची वेळ बदलायची, हा माझा नियम आहे. शिप जॉनच्या पुढे गेल्यावर आर्टिफिशियल आयलंडवरील अणुवीज प्रकल्पाचा, पाचशे फुटांहून उंच असा शीतकरण मनोरा बराच वेळ समोर दिसत राहतो. तो जवळ भासतो, पण लवकर येत नाही. तक्ते काढताना वेळ स्थानिक आहे की जागतिक, आणि उन्हाळी तास त्यात धरला आहे का, हे दर वेळी तपासावे. तसेच भरतीची कमाल पातळी आणि प्रवाह थांबण्याचा क्षण यांची गल्लत करू नये. या खाडीत पाणी सर्वांत उंच असतानाही प्रवाह वाहत असू शकतो.

वाटेत आश्रयाच्या जागा कमी आहेत. न्यू जर्सीच्या बाजूची कोहॅन्सी नदी ही त्यांतली नेहमीची. मोठी जहाजे खोदलेल्या मार्गातून येतात-जातात. छोट्या बोटीने बोयांच्या, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या, रांगेबाहेर राहावे, तिथेही आपल्यापुरते पाणी असते.

आखणी मी रीडी पॉइंटपासून उलटी सुरू करतो, कारण कालव्यातला प्रवाह स्वतःचे वेगळे वेळापत्रक पाळतो. 1829 मध्ये हा कालवा सुरू झाला तेव्हा त्यावर जलपाशांचे, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोटी वर-खाली नेणाऱ्या कप्प्यांचे, दरवाजे होते. केंद्र सरकारने तो 1919 मध्ये विकत घेतला आणि 1927 पर्यंत समुद्रसपाटीला आणून दरवाजे काढून टाकले. तेव्हापासून दोन खाड्यांच्या पातळीतील फरकामुळे पाणी त्यातून मोकळे धावते, आणि हा वेग दोन नॉटपर्यंत किंवा त्याहूनही अधिक जातो. सुमारे 12 सागरी मैलांचा कालवा 7 नॉटच्या बोटीला दोन नॉट अनुकूल असताना 1 तास 20 मिनिटांत, आणि प्रतिकूल असताना जवळजवळ अडीच तासांत पार होतो. खाडीतली भरती आणि कालव्यातला अनुकूल प्रवाह एकाच दिवशी पूर्णपणे जुळतीलच असे नाही. अशा वेळी मी खाडीला प्राधान्य देतो. कालव्यात प्रवाह विरुद्ध असला तर वेळ जातो, पण पाणी शांत असते. मुखाशी मात्र नदीचा आडवा प्रवाह बोट बाजूला ढकलतो, म्हणून मुखाच्या दोन्ही बाजूंच्या बांधांच्या मधोमध शिरण्यासाठी प्रवाह येतो त्या बाजूला थोडे नाक ठेवावे लागते.

कालव्याच्या नियमांसाठी ‘कोस्ट पायलट’ला पर्याय नाही. शिडावर चालण्यास बंदी आहे, प्रवाहासोबत येणाऱ्याला अग्रहक्क आहे, पण लहान सहलीच्या बोटींनी खोल बुडीच्या जहाजांना वाट द्यायची आहे. पात्र 450 फूट रुंद आहे; बाल्टिमोरकडे जाणारे मोटारवाहू जहाज समोरून आले की ते फार अरुंद वाटू लागते. वाहतुकीचे नियंत्रण लष्कराच्या अभियंता दलाकडे आहे. बोटीवरील व्हीएचएफ रेडिओच्या 13 क्रमांकाच्या वाहिनीवर कान ठेवला की कोणते जहाज कोणत्या टोकाने आत शिरले आहे ते आधीच समजते.

पश्चिमेकडील एल्क नदीतून चेसापीकमध्ये उतरल्यावर भरती-ओहोटीचा फरक डेलावेअरच्या मानाने बराच कमी होतो आणि तक्त्यांचे महत्त्वही घटते. तिथे उत्तरेचा जोरदार वारा टिकून राहिला तर पाणी भाकितापेक्षा खाली जाते, त्यामुळे नकाशावरील खोलीत माझ्या बोटीसाठी दोन फूट जास्तीची सूट धरतो. वसंतातील मोठ्या पावसानंतर चेसापीकच्या माथ्याशी मिळणाऱ्या सस्क्वेहॅना नदीवरील कोनोविंगो धरणाचे दरवाजे उघडले की ओंडके वाहून येतात. ते कोणत्याही नकाशावर नसतात. अशा आठवड्यात एल्क नदीच्या मुखाशी असलेल्या टर्की पॉइंटच्या पुढचा टप्पा मी केवळ दिवसा आणि कमी वेगाने आखतो.